कोऱ्या कागदावरचा शिक्का

बेळगावच्या किल्ल्यात आम्ही लहानपणापासून जात आलो आहोत. दाराशी दुर्गादेवीचे देऊळ, आत १२०४ सालची कमल बस्ती, पुढे १५१९ सालची सफा मशीद, आणि या साऱ्यांभोवती फिरलेला रुंद खंदक. खंदकाच्या काठाने सायकल पिटाळताना हा खंदक कुणी ओलांडला असेल, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. साडेपाचशे वर्षांपूर्वी या खंदकापाशी एक इराणी व्यापारी तळ ठोकून बसला होता आणि हा किल्ला त्याने जिंकला, हे मला कळले ते बेळगावात नव्हे, चारशे किलोमीटरहून दूर असलेल्या बिदरमध्ये.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने इतिहासावर का लिहावे, असे माझ्या वर्गातल्या मुली विचारतात. त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे आमच्या घरात हिशेबाचेच वारे. बाबा पेठेतल्या एका दुकानात दिवाणजी आहेत. रात्री जेवताना आमच्याकडे शिल्लक जुळली की नाही हाच विषय असतो. दुसरे म्हणजे गेल्या वर्षीची आमच्या वर्गाची बिदरची सहल. त्या सहलीचे हिशेब माझ्याकडे होते, आणि त्या हिशेबात मी एक चूक केली. ती चूक शेवटी सांगेन. या अंकाच्या कन्नड विभागात माझ्या मित्राने बसवेश्वरांवर लिहिले आहे. तेही कल्याणच्या बिज्जळाचे भांडारी होते. तेव्हा यंदा दोन्ही भाषांत खजिनदारच आले आहेत म्हणायचे. माझा खजिनदार म्हणजे बहमनी राज्याचा वजीर ख्वाजा महमूद गावान.

महमूदचा जन्म १४११ च्या सुमाराचा. कास्पियन समुद्राच्या दक्षिण काठावर गीलान नावाचा इराणचा प्रांत आहे, तेथला तो. घराणे साधेसुधे नव्हते. त्याच्या पूर्वजांनी तेथल्या दरबारात वजिरी केली होती. पण दरबार म्हटला की हेवेदावे आलेच. त्यांना कंटाळून, किंवा जिवाच्या भीतीने म्हणा, महमूदने देश सोडला आणि व्यापार पत्करला. इतर राजांनी देऊ केलेली पदे त्याने घेतली नाहीत, असे सांगतात. व्यापाऱ्याला गाव नसते, पण शत्रूही कमी असतात, असा हिशेब त्याने केला असावा. गावोगाव हिंडत, विद्वानांच्या भेटी घेत, माल घेत आणि विकत तो चाळिशी ओलांडेपर्यंत व्यापारीच राहिला.

१४५३ मध्ये तो समुद्रमार्गे दाभोळला उतरला. आज दाभोळ म्हटले की रत्नागिरी जिल्ह्यातले एक शांत बंदर डोळ्यांपुढे येते. त्या काळी ते बहमनी राज्याचे समुद्राकडचे मोठे दार होते. अरबी घोडे, रेशीम, मोती तेथे उतरत आणि दख्खनचे कापड आणि मसाले बाहेर जात. दाभोळहून घाट चढून महमूद राजधानी बिदरला गेला. व्यापार करावा, तेथे राहणाऱ्या शाह मुहिब्बुल्लाह या सत्पुरुषाचे दर्शन घ्यावे आणि पुढे दिल्लीकडे जावे, असा त्याचा बेत होता. तो बेत पुरा झाला नाही. सुलतान अलाउद्दीन अहमद याला हा बहुश्रुत, चतुर माणूस आवडला आणि त्याने त्याला ठेवून घेतले. तेलंगणात जलालखान नावाच्या सरदाराने बंड केले, तेव्हा ते मोडण्याचे काम या तागडी धरणाऱ्या माणसाकडे आले. त्याने ते पार पाडले, आणि ज्याचा पराभव केला त्याच्या जिवासाठी सुलतानाकडे रदबदलीही केली. इतकी वर्षे व्यापार केलेल्या माणसाला सौदा कुठे थांबवायचा हे कळत असावे.

पुढचा सुलतान हुमायून. इतिहासाने त्याला जालीम ठरवले आहे. पण महमूदला त्याने मोठे पद दिले आणि मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, हा किताबही दिला. बहमनी दरबारात हा किताब सर्वांत मानाच्या किताबांपैकी एक होता. व्यापाराला इतका मान देणारे दरबार इतिहासात फारसे नसावेत. निदान आमच्या पाठ्यपुस्तकांत तरी मला दुसरा आढळला नाही.

हुमायून १४६१ मध्ये वारला. गादीवर आठ वर्षांचा निजामशाह बसला. राज्याचा कारभार तिघांकडे आला: राजमाता मखदूमा-ए-जहाँ, ख्वाजा जहान नावाचा तुर्क सरदार आणि महमूद गावान. मूल गादीवर आहे असे पाहून शेजाऱ्यांनी उचल खाल्ली. माळव्याचा महमूद खिलजी थेट बिदरवर चालून आला आणि त्याने शहर घेतले. तेव्हा गुजरातच्या महमूद बेगडाची मदत मिळवून माळव्याच्या फौजेला मागे फिरायला लावण्यात गावानचा मोठा वाटा होता. दोनच वर्षांत निजामशाहही गेला आणि त्याचा धाकटा भाऊ तिसरा मुहम्मदशाह १४६३ मध्ये सुलतान झाला. तोही नऊ-दहा वर्षांचाच. ख्वाजा जहानची सत्तेची हाव वाढत गेली, तेव्हा राजमातेने १४६६ मध्ये त्याला भर दरबारात ठार करविले. आता राज्याचा भार एकट्या महमूदवर आला. बाळ सुलतानाच्या शिक्षणाची काळजीही त्यानेच वाहिली. हा मुलगा त्याच्या डोळ्यांदेखत मोठा झाला, ही गोष्ट पुढे लक्षात ठेवायची आहे.

येथे दरबारातल्या एका दुखण्याबद्दल सांगायला हवे, कारण महमूदचे सारे आयुष्य त्याने व्यापले होते. बहमनी सरदारांत दोन तट होते. एक दख्खनी, म्हणजे पिढ्यान् पिढ्या येथे राहिलेले आणि येथेच धर्मांतर केलेले. हबशी सरदार बहुधा त्यांच्या बाजूचे. दुसरे अफाकी, म्हणजे इराण, तुर्कस्तान, अरबस्तानातून नव्याने आलेले परदेशी. नोकऱ्या कुणाला, जहागिरी कुणाला, सुलतानाच्या कानाशी कोण, यावरून या दोन तटांत कत्तलीपर्यंत मजल गेली होती. आपला कोण आणि उपरा कोण, हा वाद सीमाभागात वाढलेल्या आम्हा मुलांना नवा नाही. म्हणूनच या प्रकरणापाशी मी जरा जास्त थांबले. महमूद स्वतः अफाकी. त्याने आपल्याच तटाची भर केली असती तर कुणाला नवल वाटले नसते. पण प्रांतांच्या नेमणुका करताना त्याने दोन्ही तटांचा तोल सांभाळला. फतहुल्ला इमाद-उल्-मुल्क हा विजयनगरच्या ब्राह्मण कुळात जन्मलेला दख्खनी, त्याला वऱ्हाडाकडचा भाग मिळाला. मलिक हसन हाही मूळचा ब्राह्मण कुळातला, त्याला तेलंगणातला राजमहेंद्रीचा प्रांत मिळाला. महमूदचा आवडता यूसुफ आदिलखान हा अफाकी, त्याला दौलताबाद. हा समतोल किती दिवस टिकणार होता, ते पुढे दिसेलच.

१४६९ ते १४७२ ही त्याची कोकणची मोहीम. खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, आणि संगमेश्वर येथील राजे समुद्रावर जहाजे ठेवून बहमनी व्यापाऱ्यांना आणि यात्रेकरूंना लुटतात, ही तक्रार जुनी होती. पूर्वी एका बहमनी सेनापतीची फौज याच भागातल्या रानात फसवून नेऊन कापली गेली होती. महमूदने घाई केली नाही. त्याने रान तोडले, जाळले, रस्ते केले. पावसाळा आला तेव्हा कोल्हापुरास छावणी केली. किल्ले जेथे तलवारीने पडेनात तेथे त्याने पैसा वापरला. खेळणा पडला, संगमेश्वर पडले, आणि फेब्रुवारी १४७२ मध्ये विजयनगरचे मोलाचे बंदर गोवा त्याच्या हाती आले. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर ही मोहीम घोड्यांच्या व्यापाराची होती. गोवा ज्याच्याकडे त्याच्याकडे अरबी घोडे, आणि ज्याच्याकडे घोडे त्याच्याकडे लढाईतला वरचष्मा. अर्थात ज्यांचे रान जळले आणि ज्यांची गावे घोड्यांच्या टापांखाली आली, त्या कोकणच्या माणसांच्या बाजूनेही हा हिशेब मांडायला हवा. त्यांच्या वहीत हा वजीर जमेच्या बाजूला नाही.

विजय मिळवून तो बिदरला परतला तेव्हा त्याचा मोठा सन्मान झाला. सुलतान आठवडाभर त्याच्या घरी पाहुणा राहिला. राजमातेने त्याला भाऊ म्हटले. फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो की सुलतान गेल्यावर महमूद आपल्या खोलीत गेला, अंगावरची भरजरी वस्त्रे उतरवून जमिनीवर पडला आणि खूप रडला. मग फकिराची वस्त्रे घालून त्याने शहरातल्या विद्वानांना आणि गरजूंना बोलावून आपली रोकड आणि दागिने वाटून टाकले. घोडे, हत्ती आणि ग्रंथ एवढेच ठेवले, कारण घोडे-हत्ती सुलतानाचे आणि ग्रंथ विद्यार्थ्यांचे. इतक्या सन्मानाच्या दिवशी हा माणूस का रडला असेल? मला वाटते, दरबारात माणूस चढतो तो कशासाठी हे त्याने गीलानमध्येच पाहिले होते.

आणि मग आमचे बेळगाव. गोवा परत घ्यावा म्हणून विजयनगरच्या विरूपाक्षरायाने बेळगावच्या राजाला उठवले. फारसी ग्रंथांत या राजाचे नाव निरनिराळ्या रूपांत आले आहे. सुलतान स्वतः आणि महमूद गावान दोघेही बेळगावावर चालून आले. खंदक खोल होता, पाण्याने भरलेला होता. बाहेरच्यांनी दिवसा भरलेला भाग आतले लोक रात्री उकरून मोकळा करीत. शेवटी महमूदने भुयारे खणवून तटाखाली सुरुंग पेरले. सुरुंगाची दारू दख्खनमध्ये तोवर कुणी पाहिली नव्हती, असे फिरिश्ता म्हणतो. तट कोसळला. राजा वेष पालटून, आपल्याच वकिलाच्या रूपाने सुलतानासमोर आला, मग गळ्यात पागोटे अडकवून आपली ओळख दिली आणि जीवदान मागितले. ते मिळाले. हे १४७३ साल. बेळगाव आणि आजूबाजूचा मुलूख महमूदला जहागीर म्हणून मिळाला. म्हणजे काही वर्षे तरी आमच्या गावचा वसूल त्याच्या वहीत जमा होत होता. याच मोहिमेत बरोबर आलेली राजमाता वारली. महमूदचा दरबारातला सर्वांत भक्कम आधार गेला. पुढे पाऊस पडला नाही आणि मुलखात मोठा दुष्काळ पडला.

यानंतरचे त्याचे काम मला लढायांपेक्षा मोठे वाटते. बहमनी राज्यात चार प्रांत होते: गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड आणि तेलंगण. राज्य आता गोव्यापासून ओरिसाच्या सीमेपर्यंत पसरले होते आणि एकेक प्रांताचा तरफदार छोटा सुलतान होऊन बसला होता. महमूदने चाराचे आठ प्रांत केले. वऱ्हाडचे गाविलगड आणि माहूर, दौलताबादचे दौलताबाद आणि जुन्नर, गुलबर्ग्याचे गुलबर्गा आणि विजापूर, तेलंगणाचे वरंगळ आणि राजमहेंद्री. पूर्वी प्रांतातले सगळे किल्ले तरफदाराच्या ताब्यात असत. आता त्याला एकच किल्ला मिळाला. बाकीचे किल्लेदार सुलतानाने नेमायचे. प्रत्येक प्रांतात काही मुलूख थेट सरकारी खालशात आला. जमिनीची मोजणी होऊन गावांच्या सीमा ठरल्या आणि महसूल त्याप्रमाणे बसवला गेला.

सैन्याच्या खर्चाचा हिशेब तर आमच्या परीक्षेत घालावा असा आहे. ५०० स्वार ठेवणाऱ्या सरदाराला पूर्वी वर्षाला १ लाख होन मिळत, ते सव्वा लाख झाले. १००० स्वारांना २ लाख होते, ते अडीच लाख झाले. पण हजेरीत जितके स्वार कमी भरतील तितक्यांचे पैसे कापून घ्यायचे. दर वाढवला आणि तपासणी बसवली. कागदावर हजार माणसे दाखवून सहाशे ठेवणाऱ्या सरदारांना हे किती झोंबले असेल, याची कल्पना खोटी हजेरी पाहिलेल्या कुणालाही येईल. मलिक हसनचा प्रांत तुटला, त्याचा अधिकार कमी झाला. त्याने हे विसरण्याचे नाव घेतले नाही.

त्याच सुमारास अफानासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी बिदरला येऊन गेला. त्याने आपल्या प्रवासाच्या टिपणांत मलिक-उत्-तुज्जारचा उल्लेख केला आहे. त्याच्या पंगतीला रोज शेकडो माणसे जेवत, असे त्यात आहे. येथील सरदार अतिशय श्रीमंत आणि खेड्यांतली माणसे अतिशय गरीब, असेही त्याने नोंदवले आहे. महमूदच्या सुधारणांचे कौतुक करताना ही दुसरी नोंद झाकून ठेवणे बरे नव्हे. एक चांगला वजीर झाला म्हणून कुणब्याच्या घरी धान्य वाढतेच असे नाही.

बिदरला आम्ही पाहिला तो त्याचा मदरसा. १४७२ साली पुरा झालेले हे तीन मजली विद्यालय. मधे चौक, चौकाभोवती विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि अध्यापकांची घरे, दर्शनी भागावर इराणी धर्तीच्या निळ्या-पांढऱ्या-पिवळ्या फरशा. ग्रंथालयात ३००० हस्तलिखिते होती असे सांगतात. राहणे, जेवणे आणि शिकणे सारे फुकट. महमूद स्वतःही लेखक होता. पत्रलेखनाच्या कलेवर त्याने ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या पत्रांचा संग्रह आजही उपलब्ध आहे. इराणचा कवी जामी आणि तुर्कस्तानचा सुलतान यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस या इमारतीत दारूचा साठा असताना स्फोट झाला आणि दर्शनी बाजूचा अर्धा भाग व एक मनोरा उडाला. उरलेला मनोरा सुमारे १३० फुटांचा आहे. पत्रे कशी लिहावीत हे ज्याने शिकवले, त्याचा घात एका पत्राने व्हावा, ही गोष्ट आम्हाला त्याच मनोऱ्याखाली वाटाड्याने सांगितली.

ती अशी. १४८१ साली सुलतान आणि वजीर पूर्वेकडच्या मोहिमेवर होते. यूसुफ आदिलखान दुसऱ्या कामगिरीवर दूर होता. मलिक हसनच्या गटातल्या लोकांनी महमूदचा शिक्का सांभाळणाऱ्या हबशी गुलामाशी दोस्ती केली. त्याला भेटी दिल्या, दारू पाजली. आणि एके दिवशी एक घडी केलेला कागद पुढे करून, हा कुणा मित्राच्या हिशेबाचा कागद आहे, इतर खात्यांचे शिक्के उमटलेच आहेत, तुझ्या मालकाचाही उमटव, असे त्याला सांगितले. नशेत असलेल्या त्या माणसाने कागद उघडूनही पाहिला नाही. कागद कोरा होता. मग त्या शिक्क्याच्या वरच्या जागेत ओरिसाच्या राजाला उद्देशून मजकूर लिहिला गेला: सुलतान दारूबाज आहे, लोक त्याला विटले आहेत, तुम्ही चाल करून या, राज्य आपण वाटून घेऊ.

पत्र सुलतानाच्या हाती पोचवले गेले तेव्हा तोही नशेत होता. त्याने वजिराला ताबडतोब बोलावले. महमूदच्या माणसांना वाऱ्याची दिशा कळली होती. घोडे तयार आहेत, गुजरातकडे निघून चला, असे त्यांनी विनवले. त्याने ऐकले नाही. ज्या घराण्याच्या चाकरीत दाढी पांढरी झाली, त्याच्या दारी ती रक्ताने लाल झाली तरी चालेल, अशा अर्थाचे काही तो बोलला म्हणतात. सुलतानाने विचारले की फितुराला शिक्षा काय. महमूदने सांगितले, मृत्यू. मग पत्र पुढे आले. शिक्का माझा आहे, पत्र माझे नाही, एवढेच त्याचे उत्तर होते. सुलतान उठून गेला आणि जाताना त्याने जौहर नावाच्या गुलामाला हुकूम केला. ५ एप्रिल १४८१ रोजी, आंध्रातील कोंडापल्लीच्या छावणीत, सत्तरीला पोचलेल्या या वजिराची मान उडवली गेली. हुकूम देणारा तो सुलतान तेव्हा सत्ताविशीच्या आसपासचा होता. आठ-नऊ वर्षांपूर्वी याच सुलतानाने महमूदच्या घरी आठवडाभर मुक्काम केला होता.

यापुढचा भाग मला सर्वांत अधिक आवडतो. इतक्या मोठ्या वजिराकडे अपार संपत्ती असणार, म्हणून सुलतानाने त्याच्या खजिनदाराला बोलावले. खजिनदाराने सांगितले की मालकांचे दोन खजिने होते. एक सुलतानाचा, त्यातून फौज, घोडे आणि हत्ती यांचा खर्च होई. दुसरा गरिबांचा, त्यात सीलबंद थैलीत ३०० लारी शिल्लक आहेत. लारी म्हणजे वाकवलेल्या तारेसारखे चांदीचे नाणे, कोकणच्या बंदरांत ते चालत असे. जहागिरीचे उत्पन्न आले की फौजेचा खर्च भागवून उरलेले सुलतानाच्या नावाने गरिबांना वाटले जाई. मग वजीर स्वतः खात काय होता? तर इराणहून येताना त्याने ४०,००० लारींचे भांडवल आणले होते. ते तो दरवर्षी व्यापारात गुंतवी, आणि त्याच्या नफ्यातून आपले जेवण, कपडा आणि नातलगांना पाठवायचे पैसे भागवी. झोपायला चटई आणि स्वयंपाकाला मातीची भांडी, असे त्याचे राहणे होते. व्यवसाय वेगळा आणि मालक वेगळा, हे तत्त्व आम्ही प्रथम वर्षाला पाठ करतो. एका माणसाने ते अठ्ठावीस वर्षे पाळले आणि मेल्यावर त्याच्या वहीने ते सिद्ध केले.

हे सारे सांगणारा फिरिश्ता सव्वाशे वर्षांनी विजापुरात बसून लिहीत होता, आणि तो स्वतः इराणहून आलेला होता. आपल्यासारख्याच परदेशी वजिराकडे त्याचा ओढा असणार. तेवढी वजाबाकी करूनच ही गोष्ट घ्यावी. पण पुढच्या घटना त्याच्या ओढ्यावर अवलंबून नाहीत. सुलतानाला आपली चूक कळली आणि वर्षभरात, मार्च १४८२ मध्ये, तो वारला. मलिक हसन वजीर झाला आणि १४८६ मध्ये बिदरलाच मारला गेला. ज्या तरफदारांना महमूदने एकेका किल्ल्यावर आणले होते, ते मोकळे सुटले. यूसुफ आदिलखानाने विजापूर घेतले आणि बेळगावही त्याच्याकडे गेले. मलिक हसनच्या मुलाने अहमदनगर वसवले, इमाद-उल्-मुल्कने वऱ्हाड घेतले, पुढे गोवळकोंडे आणि बिदरही वेगळे झाले. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला. महमूद बिदरजवळ गोरनळ्ळी येथे एका साध्या चौथऱ्याखाली आहे.

मला एक गोष्ट सतत खुपते. या माणसाने साऱ्या राज्याला तपासणी लावली. किल्लेदारावर तरफदाराचा ताबा ठेवला नाही, हजेरीत एक स्वार कमी भरला तरी पैसे कापले. पण स्वतःचा शिक्का मात्र एका गुलामाच्या हाती विश्वासाने सोडून दिला. आणि सुलतानाने फक्त शिक्का तपासला. पत्र कुणी लिहिले, ते घेऊन जाणारा जासूद कोण, अक्षर कुणाचे, यातले काहीही विचारले नाही. एकाने विश्वास ठेवला, दुसऱ्याने अविश्वास ठेवला, चौकशी दोघांनीही केली नाही.

आता माझी चूक. वाटाड्याकडून ही गोष्ट मी वहीत टिपून घेतली. आणि दुसऱ्याच दिवशी, परतीच्या बसमध्ये, मी सात कोऱ्या पावत्यांवर खजिनदार म्हणून सह्या करून दिल्या. बस हलत होती, मला मळमळत होते, आणि प्रत्येक ठिकाणी सहीसाठी मला शोधायला नको, इतकेच कारण होते. बाबा रोजकीर्दीच्या पानावर उरलेल्या कोऱ्या जागेवरही तिरकी रेघ मारतात, म्हणजे तेथे नंतर कुणी काही घुसडू नये. ती रेघ मी लहानपणापासून पाहत आले आहे. तरीही.

परत आल्यावर एका दुपारच्या जेवणाची पावती ४१ ताटांची निघाली. आम्ही ३१ होतो. दर ताटाला १२० रुपये, म्हणजे १२०० रुपयांचा फरक. सरांनी मला खोलीत बोलावून सही माझी आहे का, असे विचारले. सही माझी आहे, आकडा माझा नाही, असे मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता हे वाक्य आपण कुठे ऐकले आहे ते आठवून मला घाम फुटला. सर माझ्यावर रागावू शकले असते. साऱ्या वर्गासमोर मला चोर ठरवू शकले असते. त्यांनी तसे काही केले नाही. पावतीवरच्या खाणावळीला फोन लावला आणि त्यांच्या पावतीपुस्तकातली स्थळप्रत पाहायला सांगितले. तेथे ३१ ताटे होती. मग पावती ज्याच्या हाती होती त्याला बोलावले. पैसे परत आले. त्याचे नाव मी येथे लिहिणार नाही, आणि आमची मैत्री पूर्वीसारखी राहिली नाही एवढेच सांगते. जाताना सरांनी मला बजावले की पैसे मी घेतले नाहीत हे खरे, पण दार मी उघडे ठेवले हेही तितकेच खरे.

त्या संध्याकाळी मी किल्ल्यात गेले. खंदकात पाणी थोडे होते आणि मुले काठावर क्रिकेट खेळत होती. तटाचा कुठला भाग त्या सुरुंगाने उडाला असेल ते आता कळण्याजोगे नाही. महमूद गावानला चौकशीचा एक फोन करणारा कुणी भेटला असता, तर दख्खनचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. मला तो भेटला, म्हणून मी हा लेख लिहायला बसले. यंदाच्या संमेलनाचेही हिशेब माझ्याकडेच आले आहेत. पावतीपुस्तक माझ्या पिशवीत असते, आणि सहीसाठी मला शोधावे लागते अशी कमिटीतल्या सर्वांची तक्रार आहे.